सहाशे अकरा

तालाब्रेच्या वर, ओल्या कुरणाच्या काठाला
कॅमेरा लावला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.
दर तीस सेकंदांना एक फ्रेम, उजाडेपर्यंत.
हिम धरू नये म्हणून भिंगाभोवती गरम पट्टा,
पट्ट्याची वायर बॅटरीला,
बॅटरी माझ्या जुन्या मोज्यात.
मग गाडीत जाऊन झोपलो.

हिशेब साधा आहे:
साडेआठ तासांचे होतात चाळीस सेकंद.
ओस्वाल्दोला तेवढेच हवे होते,
सांतियागोच्या उड्डाणपुलानंतर जोडायला,
जिथे दिव्यांची लाल-पांढरी दोरी वळली जाते
आणि रस्त्यावर माणूस म्हणून एक उरत नाही.

पडद्यावर लास्कारचा धूर झुकतो, सरळ होतो, पुन्हा झुकतो,
झोपेत कूस बदलणाऱ्यासारखा.
या आभाळाला ध्रुव नाही.
तारे एका रिकाम्या जागेभोवती फिरतात,
कुणी खुंटा उपटून नेला तरी
गोल चालत राहिलेल्या जनावरासारखे.

चौदाव्या सेकंदाला खाली गोठ्यात एक ठिपका उजळतो.
विझतो. पुन्हा उजळतो.
तो डाग काढून टाक, ओस्वाल्दो फोनवर म्हणाला.

डाग म्हणजे सेनोबिया कोल्के, वय एकाहत्तर,
हातात टॉर्च.
लामा सहसा दिवसाढवळ्या वितात,
ही अडली होती.
त्या दोन तासांत सेनोबिया कितीदा आत-बाहेर गेली,
बाही कोपरावर सारून काय काय केलं,
कुणाला शिव्या घातल्या, कुणाला नवस बोलली,
यातलं काहीच उजेडात आलं नाही.

चोविसाव्या सेकंदाला ठिपका कॅमेऱ्याकडे निघतो.
सहाशे आठ, नऊ, दहा:
दर फ्रेमला मोठा.
सहाशे अकरात फक्त बोटं,
हललेली, पाच की सहा ते सांगता येत नाही.
मग आभाळ कडांकडून पांढरं होत जातं,
हिम बुरशीसारखं आत सरकतं
आणि पुढचे सोळा सेकंद
काही नाही.

पहाटे मी बोंबललो. पट्टा नाही, बॅटरी नाही, मोजासुद्धा नाही.
सेनोबियाने गोठ्याकडे नुसती मान हलवली.
पोत्यावर एक ओलं पिल्लू, अंगापेक्षा पायच जास्त,
पोटाला माझा पट्टा गुंडाळलेला,
शेजारी मोजा, आत हिरवा दिवा लुकलुकणारा.
"धुगधुगी होती नुसती," ती म्हणाली.
"हे हाताला गरम लागलं.
आणि तुझी काच काही गाभण नव्हती."

यावर काय बोलणार?
तिने रिका-रिकाच्या पानांचा चहा दिला, मी प्यायलो.
तिला फिल्म दाखवली, छोट्या पडद्यावर, उन्हाला हाताचा आडोसा करून.
ताऱ्यांकडे तिने पाहिलंच नाही.
ताऱ्यांमधला काळोख बोटाने गिरवत गेली:
ही मान. ही पाठ.
हे दोन डोळे, तारे लागतात ते एवढेच.
आईच्या पोटाखाली पिल्लू असतं,
ते डोंगराआडून नुकतं वर येत होतं
तेव्हा मी आले तुझ्याकडे, म्हणाली.
मग पडद्यावर हिम आलं
आणि ती दूध काढायच्या भांड्याकडे वळली,
बाटलीने पाजायचं होतं.

ओस्वाल्दोने चोवीस सेकंद घेतले, डाग पुसून,
आणि पैसे कापले.
उरलेले सोळा माझ्याकडे आहेत.
कधी झोप आली नाही की लावतो:
पांढरं, पांढरं, पांढरं,
शेवटी काचेमागे जरासं तांबूस.
त्यात कुठेतरी ते पिल्लू पहिल्यांदा उभं राहिलं.
कितव्या फ्रेमला, ते विचारायचं राहून गेलं.
पट्टाही तिथेच राहिला.